मागं काय लावायचं?

आमच्या वाळवा तालुक्यात पोराला मिसरूड फुटायच्या आत दोन गोष्टी येत असणार, असं सगळे धरून चालतात. एक कृष्णेत पोहणं आणि दुसरं ट्रॅक्टर चालवणं. दोन्ही कुणी शिकवत नाही. लायसन्सचं नंतर बघतात, सांगलीला दुसरं काही काम निघालं की. माझ्या भाच्यानं मात्र सगळं रीतसर केलं. आधी हलक्या वाहनाचं लायसन्स काढलं, वर्षभर कळ काढली, मग जड वाहनाचं काढलं. जड वाहनाला पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ साली निघाली. भाचा बारावी झालेला. इतकं शिकायची काही गरज नव्हती, असं तो अजून चिडून म्हणतो.

लायसन्स हातात आलं आणि खरा प्रश्न सुरू झाला. ड्रायव्हर व्हायचं हे ठरलेलं. पण कशावर? इंजीन, स्टिअरिंग, समोर देवाचा फोटो आणि लिंबू-मिरची, हा पुढचा भाग सगळीकडं थोड्याफार फरकानं सारखाच. माणसाचं आयुष्य ठरतं ते मागं काय लावलंय त्यावर. उसाच्या ट्रॉल्या आहेत, कंटेनर आहे, टँकर आहे, पवनचक्कीची पाती वाहणारा लांबलचक ट्रेलर आहे. आणि गंमत अशी की परीक्षेला यातलं काहीच मागं नसतं. पोरगं साधा ट्रक घेऊन वळणं काढून दाखवतं, गाडी मागं घेऊन दाखवतं, साहेब सही करतात. मागं वीस टन लटकल्यावर काय करायचं हे शिकायला मग रस्ता आहेच, आणि रस्त्यावर आपण सगळे आहोत.

सल्ला द्यायला लायसन्स लागत नाही. त्यामुळं भाच्याला गावभरातून सल्ले आले.

पहिला अर्थातच उसाचा. साखराळे, वाळवा, कुंडल, वांगी, रेठरे, यशवंतनगर, शेंद्रे. सांगली-साताऱ्याच्या या पट्ट्यात सकाळी घरातून निघून कुठल्याही दिशेला गेलं तरी दुपारच्या आत एखाद्या कारखान्याची चिमणी दिसते. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडली की उन्हाळा लागेपर्यंत रस्ते ट्रॅक्टरच्या मालकीचे. एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, दोन्हींत मिळून पंधरा-वीस टन ऊस, आणि ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही अंगांना लोंबणारी वाढ्यांची झालर. चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडायला बघतात. तेवढ्या वेळापुरतं स्टिअरिंग हातात असतं ते नुसतं धरायला. ड्रायव्हर अशा वेळी काय करतो, असं मी एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, "काय करणार? पुढं वाकून बसतो." वीस टनांपुढं आपल्या साठ-पासष्ट किलोंचं वजन टाकून बघायचा हा जो विश्वास आहे, तो मला फार आवडतो.

पण ट्रॉल्यांची खरी परीक्षा पुढं जाण्यात नसते, मागं येण्यात असते. एक ट्रॉली असेल तर नियम सोपा आहे. स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रॉली उजवीकडं जाते. पहिली ट्रॉली म्हणजे विरोधी पक्ष, आपण म्हणू त्याच्या उलट वागणार, पण निदान भरवशानं उलट वागणार. दुसरी ट्रॉली हा त्या विरोधी पक्षातून फुटलेला गट. ती कुणाच्या उलट वागेल हे तिचं तिलाही माहीत नसतं. म्हणून दोन ट्रॉल्यांचा शहाणा ड्रायव्हर मागं येतच नाही. तो शेतात शिरण्याआधी बाहेर पडायची वाट बघून ठेवतो आणि तशीच वेळ आली तर पिन काढून मागची ट्रॉली सोडतो, पुढची लावतो, परत येऊन मागची नेतो. बांधावर उभे असलेले शेतकरी तोवर "घे, घे, अजून घे" म्हणत असतात. ते सगळ्यांनाच म्हणतात.

उसाचा धंदा करायचा तर त्यातले व्यवहारही शिकावे लागतात. तोडणी टोळीची खुशाली वेगळी, ड्रायव्हरची एंट्री वेगळी. एंट्री म्हणजे खेपेमागं शेतकऱ्यानं ड्रायव्हरच्या हातावर ठेवायचे पैसे. ते कुठल्या कागदावर नसतात आणि कुठल्या शेतकऱ्याला चुकत नाहीत. माझा स्वतःचा दीड एकर ऊस आहे, त्यामुळं या विषयावर मी दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. शेतकरी म्हणून मला ही एंट्री म्हणजे लूट वाटते. भाच्याचा मामा म्हणून विचार केला तर रात्रभर थंडीत कारखान्याच्या यार्डात बसणाऱ्या पोराला चहापाण्याला काही नको का, असंही वाटतं. तोडून ठेवलेला ऊस वाळतो, वाळला की वजन घटतं, म्हणून शेतकरी ड्रायव्हरला तासातासाला फोन करतो. ड्रायव्हर यार्डात, पुढं गाड्यांची रांग, रांग हलत नाही. त्याच्या हातात काही नाही, पण ज्याच्या हातात काही आहे त्याचा फोन नंबर शेतकऱ्याकडं नसतो.

ट्रॉल्यांचा धाकटा भाऊ म्हणजे अंगद. बैलगाडीच्या घाटाच्या दोनचाकी गाड्या, पण ओढायला बैलांऐवजी ट्रॅक्टर. अरुंद पाणंदीतून कुठंही शिरतो. रावणाच्या दरबारात अंगदानं रोवलेला पाय कुणाला हलवता आला नाही, आणि आमचा अंगदही ओल्या रानात रुतला की तसाच. भाच्यानं त्याच्याकडं बघून नाक मुरडलं. जड वाहनाचं लायसन्स काढून अंगद चालवायचा म्हणजे त्याला कमीपणा वाटला.

मागं काय लावायचं हा प्रश्न काही आजचा नाही. आमच्या आजोबांच्या पिढीपुढंही तो होताच, लाकडी चाकाची गाडी ठेवायची की टायरची घ्यायची. टायर कुठल्याही कंपनीचा असला तरी गावात ती डनलॉपचीच गाडी. धाव घातलेल्या लाकडी चाकापेक्षा ती हलकी चालायची, म्हणून तीत माल जास्त भरायचे, म्हणजे शेवटी बैलांच्या मानेवर ओझं होतं तेवढंच राहिलं. मोठी चर्चा झाली असणार तेव्हाही, पारावर वगैरे. बैलांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

भाच्याला खरा शहाणपणाचा सल्ला मिळाला तो पेठ नाक्यावर. तिथं पुणे-बंगळूरु महामार्गावरून इस्लामपूर-सांगलीचा रस्ता फुटतो. महामार्गाचा नंबर आता अठ्ठेचाळीस आहे, पण जुने ड्रायव्हर अजून 'फोर'च म्हणतात. पेठ-सांगली रस्त्यालाही बरीच नावं आहेत, ती इथं छापता येणार नाहीत. नाक्यावर चहा पीत बसलेला एक निवृत्त ड्रायव्हर भाच्याची सगळी यादी ऐकून घेऊन म्हणाला, "पोरा, गाडी चालवायचं बघू नगंस. ते समद्यांला येतंय. कुठल्या गाडीवर थांबायला जमंल ते बघ. ड्रायव्हर चालवतो कमी, थांबतो लई."

मला हे फार पटलं. तेव्हापासून रस्त्यावरची प्रत्येक जड गाडी मला थोडी वेगळी दिसते. हिच्या ड्रायव्हरला कुठं आणि कुणासाठी थांबावं लागत असेल, हा विचार आधी येतो. उसावाला यार्डात नंबरासाठी थांबतो, पण एकटा थांबत नाही. शेजारच्या ट्रॉलीवर ओळखीचाच कुणी असतो, खाली चूल पेटते, भाकरी-ठेचा होतो, एकाच वेळी चार ट्रॅक्टरांवर चार वेगळी गाणी चालू असतात. ते थांबणं गावच्या जत्रेतलं. सगळ्यांना ते मानवत नाही. काहींना एकट्यानं थांबायला आवडतं.

पवनचक्कीच्या ट्रेलरकडं भाच्याचा फार ओढा होता. साताऱ्याहून सज्जनगड ओलांडून ठोसेघरकडं वर गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं, तिकडं पाटण तालुक्यात वनकुसवडे. सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळकडं ढालगाव. या सगळ्या माळांवर पवनचक्क्या उभ्या आहेत आणि त्यातली प्रत्येक कधी ना कधी ट्रेलरवर आडवी पडून आलेली आहे. एक पातं म्हणजे तीस-चाळीस मीटर, नव्या चक्क्यांचं त्याहून लांब. त्याचे तुकडे करता येत नाहीत आणि त्याची घडीही घालता येत नाही. घाटाच्या वळणावर ट्रेलरचा पुढचा भाग वळून निघून गेलेला असतो तेव्हा मागची चाकं अजून वळणाच्या अलीकडं असतात. म्हणून मागच्या चाकांना वेगळं वळवतात, त्यासाठी एक वेगळा माणूस मागं चालत असतो. म्हणजे एका गाडीला दोन ड्रायव्हर, एक पुढं बसलेला आणि एक पायी. दोघांच्या मध्ये पातं, आणि पात्यावर गावातल्या सगळ्या पोरांची नजर.

हा ट्रेलर चालतो कमी, थांबतो फार. परवानगी यायची असते, पोलीस यायचे असतात, विजेच्या तारा उचलायच्या असतात, फांद्या छाटायच्या असतात. तो थांबला की अख्खं गाव बघायला येतं, म्हाताऱ्या माणसांपासून शेळ्यांपर्यंत. कुणीतरी चहा आणतं. कुणीतरी हळूच पात्याला हात लावून बघतं आणि "हे तर पोकळ हाय" असा शोध लावतं. ड्रायव्हर खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा राहतो. घाईत असलेला एसटीवालासुद्धा त्याला शिवी देत नाही, कारण शिवी कुठल्या टोकाला द्यायची हे कळत नाही. असा मान दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही. भाच्याला नेमकं हेच हवं होतं. पण नव्या पोराला असल्या ट्रेलरवर कोण बसवणार? आधी किन्नर म्हणून मागं चालायचं, मग साधा फ्लॅट ट्रेलर, मग कधीतरी हा. भाच्यानं हिशेब केला आणि गप्प झाला.

तासगाव-मिरजेकडचा एक मित्र त्याला एसी कंटेनरवर ओढत होता. द्राक्षाचा हंगाम जानेवारीत सुरू होतो, एप्रिलपर्यंत चालतो. परदेशी जाणारी द्राक्षं पॅकहाउसमध्ये आधी गार करतात आणि मग शून्याच्या आसपासच्या थंडीत कंटेनरमधून न्हावा शेव्याला पाठवतात. मार्चमध्ये ही मोठी मजेशीर गाडी असते. मागं युरोपातला हिवाळा, पुढं आपला उन्हाळा, आणि मध्ये एक पत्रा. द्राक्षं थंडीत गुडूप झोपलेली, ड्रायव्हर बनियनवर. सरकारनं २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा केला. ते चांगलंच झालं, पण ड्रायव्हरपेक्षा द्राक्षांना एसी बराच आधी मिळाला, एवढी नोंद असू द्यावी.

कंटेनरचा रस्ता सुंदर आहे. कराड, सातारा, मग खंबाटकीचा बोगदा. पुण्याहून येणाऱ्यांनी घाट चढायचा आणि पुण्याला जाणाऱ्यांनी बोगद्यातून निघायचं, अशी तिथली जुनी वाटणी. बोगदा सरळ आहे म्हणून माणूस निवांत होतो आणि बाहेर पडल्या पडल्या ते 'एस' वळण येतं, ज्यानं भल्याभल्यांना आडवं केलंय. उंच कंटेनरला तिथं देव आठवतो. पुढं सगळा प्रवास आणि शेवटी बंदराची रांग. इथलं थांबणं उसापेक्षा अगदी वेगळं. शेजारच्या गाडीवरचा ड्रायव्हर पंजाबचा नाहीतर तमिळनाडूचा. भाकरी नाही, गाणी नाहीत. मागं थंडी करणारं यंत्र सारखं घुरघुरत असतं. सुरुवातीला त्या आवाजानं झोप येत नाही म्हणे, आणि सवय झाली की तो आवाज थांबला तर झोपेतून दचकून जाग येते, कारण आवाज थांबला म्हणजे लाखोंची द्राक्षं गरम व्हायला लागली. तान्ह्या पोराची आईसुद्धा जरा गाढ झोपत असेल.

टँकरचं काय, असं मी विचारलं. आमच्या भागात टँकरलाही तोटा नाही. भिलवडीला चितळ्यांनी १९३९ साली डेअरी काढली, तेव्हापासून कृष्णाकाठचं दूध पुण्या-मुंबईला जातंय. शिवाय कारखान्यांची मळी आणि आता इथेनॉल. इथेनॉलला धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि बिडी सोडावी लागते. यातलं प्रशिक्षण सोपं. दुधाच्या टँकरला थांबणं असं नाहीच. दूध नासतं, त्यामुळं सगळे त्याला वाट देतात, पण ड्रायव्हरलाही धड जेवायला उतरता येत नाही. आणि टँकरची एक खोड आहे. तो काठोकाठ भरलेला असला तर शहाणा असतो, पार रिकामा असला तरी शहाणा असतो. अर्धा भरलेला फार वाईट. तुम्ही ब्रेक मारला की गाडी थांबते, आतलं दूध थांबत नाही. ते पुढं येतं, आदळतं आणि गाडीला आणखी एक धक्का देऊन मागं जातं, परत येतं. वळणावर ते बाजूच्या भिंतीवर चढतं. नव्या ड्रायव्हरला वाटतं मागून कुणी ठोकलं. निवृत्त ड्रायव्हरच्या भाषेत सांगायचं तर इथं थांबायचं असलं की आधी दुधाला कळवावं लागतं.

हळदीच्या आणि बेदाण्याच्या ट्रकवर कुणी फार बोललं नाही, कारण ते साधं, जुनं, ताडपत्री-रस्स्याचं काम. सांगलीच्या यार्डात हमालांची वाट बघत थांबायचं, पोती भरली की हुंडेकऱ्याकडून बिल्टी घ्यायची आणि निघायचं. महिनाभरात ड्रायव्हर कानाच्या पाळीपर्यंत पिवळा होतो, लग्न न ठरलेल्या पोराला तेवढंच समाधान. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिची चर्चा आता दूरवर होते. थांबण्यात मात्र हळदीचा हात कुणी धरणार नाही. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली पेवं खणून त्यांत ती साठवायचे, भाव येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं ती आत बसून राहायची, आणि कीडही लागायची नाही. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. त्यानंतर हळद बरीचशी गोदामांत गेली.

हायवाबद्दल, म्हणजे वाळू-मुरूम वाहणाऱ्या डंपरबद्दल, मी काही लिहिणार नाही. मला याच गावात राहायचंय.

तर असे सगळे पर्याय मांडून आम्ही मामा-भाचे ओसरीवर बसलो होतो. कागदावर रकाने पाडले होते. पगार, भत्ता, रात्री किती, पोलीस किती, थांबणं कुठं. भाच्याचा कल कंटेनरकडं झुकत चालला होता. बहीण आत भाकरी थापत होती. तिनं आतूनच विचारलं, "ह्यातल्या कुठल्या गाडीवर जेवायला घरी येशील?"

हा रकाना आम्ही पाडलाच नव्हता. भाच्यानं यादीवरून बोट फिरवलं. पात्याचा ट्रेलर, नाही. कंटेनर, आठवड्यानं. टँकर, आला तरी रात्री दोनला. बोट आपोआप वर सरकत पहिल्या ओळीवर आलं. बहीण म्हणाली, "मग झालं." वर तिनं मुलीकडच्यांचंही गणित मांडलं. हल्ली ड्रायव्हरला मुलगी द्यायला कुणी पटकन तयार होत नाही, ट्रॉलीवाल्याला काय आणि कंटेनरवाल्याला काय. पण ट्रॉलीवाला रोज दारावरून जाताना दिसतो तरी. कंटेनरवाल्याचं स्थळ बघायला पाहुणे आले तर दाखवायचं कुणाला?

निवृत्त ड्रायव्हरला हे कळलं तेव्हा तो नुसताच हसला. त्याच्या घरातही निर्णय असेच होत असणार.

दिवाळी झाली, मोळी पडली आणि भाचा एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर बसला. मागं दोन ट्रॉल्या. आता तो यार्डातून फोन करतो. पुढं किती गाड्या आहेत ते सांगतो, कुठल्या कारखान्याचा काटा कडक आहे ते सांगतो, कुठला शेतकरी एंट्रीला कसा हात आखडता घेतो तेही सांगतो. शेवटच्या बाबतीत मी विषय बदलतो. दोन ट्रॉल्या मागं घ्यायला तो शिकलाय का, असं विचारलं तर म्हणतो, "मामा, मागं यायचंच कशाला?"

मला काळजी फक्त अंधाराची वाटते. रात्री मागची ट्रॉली दिसत नाही. ना दिवा, ना काही, आणि मोटारसायकलवाला थेट उसात घुसतो. दर हंगामात अशा बातम्या येतात. हंगामाच्या सुरुवातीला पोलीस आणि कारखाने रिफ्लेक्टर लावून देतात, पण ट्रॉली चार वेळा चिखलात जाऊन आली की त्यावर लाल काय आणि पिवळं काय. म्हणून इस्लामपूरला जाऊन मी चांगले मोठे रिफ्लेक्टर घेतले आणि त्याला पाठवून दिले. त्याच आठवड्यात भाच्यानं पहिल्या पगारातून ट्रॅक्टरला दोन स्पीकर बसवले होते, ट्रॅक्टरपेक्षा थोडेच लहान. लावले का रे रिफ्लेक्टर, म्हणून मी फोनवर विचारलं. लावले म्हणाला, लई भारी चमकतात. रविवारी मी स्वतः बघायला गेलो. लावले होते. दोन्ही स्पीकरच्या भोवती, गोल, अगदी मापात. ट्रॉलीसाठी मला दुसरी जोडी आणावी लागली, आणि ती मी माझ्या हातानं खिळे ठोकून बसवली.